केळुसकरांचं सेऊल

"वहिनी, गाइड कशाला हवा?" नाना परुळेकर वसुधाबाईंच्या डायनिंग टेबलाशी बशीत चहा ओतत म्हणाले. "सेऊल आपल्याला पाठ आहे."

यात अतिशयोक्ती नव्हती. मुलुंड पूर्वेच्या 'स्नेहवर्धिनी' सोसायटीत सेऊल सगळ्यांनाच पाठ होतं. वसुधाबाईंचे यजमान विद्याधर केळुसकर जहाजांच्या इंजिनांचं काम करत. सत्याऐंशी साली कंपनीने त्यांना कोरियाला पाठवलं. काम सगळं बंदरात होतं. राजधानी त्यांनी पाहिली ती परतीच्या वाटेवर, एका रविवारी. तो एक रविवार त्यांनी पुढे आयुष्यभर पुरवला. सोसायटीच्या गणेशोत्सवात अंताक्षरी संपलेली असायची, बक्षीस द्यायला येणारे पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकलेले असायचे, आणि माइक केळुसकरांकडे यायचा.

"तुम्ही रुंद रस्त्याने सरळ चालताय," ते सुरुवात करत. "आधी लागतो तलवार घेतलेला सेनापती. मग राजवाड्याचा दरवाजा. आणि दरवाजाच्या मागे काय?"

"घुमट!" सगळी मुलं ओरडायची.

"घुमट. अजस्र दगडी इमारत. जपान्यांनी राज्य केलं तेव्हा मुद्दाम राजाच्या घरापुढे स्वतःचं ऑफिस बांधलं, म्हणजे लोकांना राजवाडा दिसायलाच नको. एखाद्याला झाकायचं असेल तर त्याच्यापुढे मोठं बांधायचं." एवढं बोलून ते 'स्नेहवर्धिनी'चं ऊन अडवून उभ्या राहिलेल्या शेजारच्या टॉवरकडे पाहायचे. टाळ्या तिथे पडायच्या. शेवटी डोक्यावरून जाणारा लांबच लांब पूल आणि त्याच्या सावलीत भरलेला बाजार. तेवढ्यात पाहुणे यायचे.

फेब्रुवारीत केळुसकर गेले. सोसायटीची सहल दरवर्षी महाबळेश्वर नाहीतर गोव्याला जायची. या वर्षी सेक्रेटरी या नात्याने नानांनी ठरवलं, सेऊल. "त्याने दाखवलं तसंच पाहायचं," ते म्हणाले. चौदा जणांनी नावं दिली. वसुधाबाई लगेच हो म्हणाल्या. त्यांची मुलगी गार्गी नको म्हणत होती, पण आईला एकटं पाठवायचं नाही म्हणून तिनेही रजा टाकली. गार्गी नाहूरला राहायची आणि एका विमा कंपनीत दावे तपासायची. लोक सांगतात ते खरोखर घडलं होतं का, हे पाहणं हेच तिचं काम.

सेऊलमधल्या पहिल्या दिवशी टूर कंपनीच्या गाइडने, मिस हान नावाच्या तिशीतल्या मुलीने, सकाळी सौंदर्यप्रसाधनांचं दुकान ठेवलं होतं आणि राजवाडा दुपारनंतर. नानांना ते पटलं नाही. ती यायच्या आधीच त्यांनी सगळ्यांना हॉटेलबाहेर काढलं. सोसायटीतल्या मंजुळाबाईंच्या पिशवीत थालीपिठं होती, नानांच्या डोक्यात केळुसकर.

"फोन आत ठेवा," ते म्हणाले. "विद्याधरकडे कुठे होता मॅप?"

रुंद रस्ता खरंच होता. थोडं चालल्यावर तलवार घेतलेला सेनापतीही आला. नानांनी जुना मित्र भेटावा तसा त्याला हात केला. गार्गीने मनातल्या यादीवर एक बरोबरची खूण केली.

पुढे मात्र एक सोनेरी राजा सिंहासनावर बसला होता.

"हा कोण?" शीतलने विचारलं. शीतल तिसऱ्या मजल्यावरची. बोलताना ती आडपडदा ठेवत नसे. "काका याच्याबद्दल कधी बोलले नाहीत."

"सगळंच थोडं सांगणार? पाहुणे यायचे मध्येच," नाना म्हणाले.

मग दरवाजा आला. दगडी पायावर दुमजली, रंगीत, चिनी चित्रासारखा. त्याच्या मागे निळसर डोंगर होता आणि आभाळ. घुमट नव्हता.

चौदा जण डावीकडून पाहून आले, उजवीकडून पाहून आले. एवढी मोठी वस्तू कोपऱ्यात राहून जाण्यासारखी नव्हती.

"हा तो राजवाडा नव्हे," नानांनी निकाल दिला. "यांचे पाच राजवाडे आहेत. आपण चुकीच्या राजवाड्यावर आलो."

"नाना, बाहेर एवढी गर्दी आहे. आत जाऊन तर बघू," शीतल म्हणाली.

"घुमटाशिवाय?"

अशा रीतीने स्नेहवर्धिनीच्या सभासदांनी कोरियातल्या सर्वांत प्रसिद्ध राजवाड्याकडे पाठ फिरवली आणि ते खऱ्या राजवाड्याच्या शोधात पूर्वेला निघाले. बऱ्याच तंगडतोडीनंतर दुसरा राजवाडा सापडला. तिथे झाडं होती, दरवाजा होता, घुमट नव्हता. मंजुळाबाईंचा गुडघा बोलायला लागला. नाना म्हणाले, "घुमट राहू दे. आधी पूल गाठू. पुलाच्या सावलीत चालत राहिलं की बाजार आपोआप येतो, तिथे बसायला मिळेल."

ते दक्षिणेला वळले. विचारत, हातवारे करत जिथे पोचले, तिथे वर मोकळं आकाश होतं आणि खाली, रस्त्याच्या पातळीखाली, एक ओढा वाहत होता. काठाच्या दगडांवर ऑफिसातली माणसं पँटी दुमडून पाण्यात पाय सोडून बसली होती. पूल कुठेच नव्हता. सगळेच थकले होते, तेव्हा स्नेहवर्धिनीनेही पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडले. थालीपिठं निघाली.

शीतलने पहिलं थालीपीठ संपवलं. मग ती गार्गीकडे वळली.

"गार्गी, राग मानू नकोस हं. पण काका आले होते ना इथे, नक्की?"

"म्हणजे?"

"म्हणजे ओढा बघ ना केवढा आहे! एवढा ओढा कोण विसरेल यार? आणि एवढा घुमट काय चोरीला जातो?"

"फोटोसुद्धा नव्हता एकही," मागून कोणीतरी म्हणालं. "रोल खराब झाला म्हणाले होते."

"मला म्हणाले, कॅमेराच नेला नव्हता."

"तरी मी म्हणायचे," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "दरवर्षी एक शब्द इकडचा तिकडे कसा होत नाही?"

"ए, गप्प बसा रे!" नाना ओरडले, पण त्यांचा आवाज अर्ध्यात बसला. राजवाडे दोन झाले होते, आणि घुमट कुठेच नाही हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

गार्गीने आईकडे पाहिलं. वसुधाबाई पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघत होत्या. दावा तपासताना गार्गी नेहमी हेच शोधायची: तपशील भरपूर, पुरावा नाही, आणि प्रत्येक वेळी तेच शब्द. अशा फायलीवर ती लाल शेरा मारायची. तिचा फोन पर्समध्ये होता. शोधायला दोन मिनिटं लागली असती. तिने पर्सची चेन उघडली, आत रुमाल आहे का पाहिलं आणि चेन लावली. बाबा गेल्यावर त्यांचा चष्मा, घड्याळ, बँकेची कामं, सगळं तिने नीट मार्गी लावलं होतं. हा एक रविवार तेवढा तिला आहे तसाच हवा होता.

मिस हान त्यांना तिथे सापडली. हॉटेलपासून ती चौदा भारतीयांचा माग काढत आली होती. सेनापतीला हात करणाऱ्या म्हाताऱ्याची आठवण बऱ्याच जणांना राहिली होती. आधी ती इंग्रजीत सगळ्यांना रागावली. मग तिने पाणी मागितलं. मग शीतलने विचारलंच.

"मॅडम, घुमट कुठे आहे? राजवाड्यासमोरचा?"

मिस हान पाणी पिता पिता थांबली. "घुमट? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"यांच्या वडिलांनी," शीतलने गार्गीकडे बोट दाखवलं. गार्गी उभी राहिली. आता ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

"ते कधी आले होते?"

"सत्याऐंशी साली."

"मग त्यांनी पाहिला असणार," मिस हान म्हणाली. "मी नाही पाहिला. मी पाळण्यात होते तेव्हा तो पाडला. जपान्यांच्या हातून सुटका झाली त्याला पन्नास वर्षं झाली, त्या दिवशी लोकांसमोर क्रेनने घुमटाचा कळस उचलला. माझे आजोबा बघायला गेले होते. आजी म्हणते, घरी येऊन जेवलेच नाहीत. आनंद झाला की वाईट वाटलं, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही त्यांनी."

"आणि पूल?" नानांनी पाण्यातूनच विचारलं.

"तुम्ही पुलाखालीच बसलाय. इथे ओढा बुजवून रस्ता केला होता आणि त्याच्यावर पूल. वीस वर्षांपूर्वी दोन्ही काढले आणि ओढा परत आणला. सोनेरी राजाही नंतरचाच."

नाना ओल्या पायांनी उठले. "ऐकलंस, शीतल? चोरीला जातो घुमट!"

"मी फक्त विचारलं होतं!" शीतल म्हणाली, पण ती गार्गीजवळ आली आणि तिने उरलेलं थालीपीठ तिच्या हातावर ठेवलं. शीतलची माफी मागायची पद्धत तेवढीच होती.

गार्गीने ते खाल्लं. बाबा खरं बोलत होते, आणि ते दरवर्षी माइकवर 'चालताय, लागतो, दिसतो' म्हणत असताना अर्धं शहर कधीच नाहीसं झालेलं होतं.

"आई, बाबांना कळलं असेल का? पाडल्याचं?"

वसुधाबाईंनी पदराने पाय पुसले. "पेपर रोज वाचायचे ते. कळलं असणार."

"मग कधी सांगितलं का नाही?"

"पाठ झालं होतं ना," वसुधाबाई म्हणाल्या. "आणि मुलं ओरडायची घुमट म्हणून. त्यांना काय सांगायचं, पाडला?"

दुपारी सगळे मुकाट्याने पहिल्या राजवाड्यात गेले. तो फार सुंदर होता. समोर काही नसल्यामुळे अगदी दुरून दिसत होता.

सप्टेंबरात सोसायटीचा गणपती बसला. अंताक्षरी झाली, पाहुणे अडकले आणि माइक रिकामा राहिला. मग नाना उठले.

"तुम्ही रुंद रस्त्याने सरळ चालताय," ते म्हणाले. "आधी लागतो तलवार घेतलेला सेनापती. मग दरवाजा. आणि दरवाजाच्या मागे काय?"

मुलं ओरडली. गार्गीला वाटलं, आता नाना पुढचं सांगतील. पाडलेला घुमट, परत आणलेला ओढा, मिस हानचे आजोबा. नाना म्हणाले, "अजस्र दगडी इमारत! आम्ही समोर उभे राहिलो, शब्दच फुटेना."

"माझी तर मान अवघडली वर बघून बघून," शीतल खुर्चीतून म्हणाली.

"कळसाला ऊन लागलं होतं," मंजुळाबाईंनी भर घातली. "डोळे दिपत होते."

बी विंगमध्ये नवीन राहायला आलेला सुशांत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने हात वर केला. "सॉरी काका, पण ती बिल्डिंग तर पाडलीय ना? इथे लिहिलंय. पंच्याण्णव साली."

नानांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"तू गेला होतास?" नानांनी विचारलं.

"नाही, पण इथे..."

"आम्ही चौदा जण गेलो होतो. चौदा जणांचं खरं की त्या डब्याचं?" नाना सभासदांवरून नजर फिरवत शेवटच्या रांगेत थांबले. "गार्गी, तू सांग गं याला. तुझं तर कामच आहे खरं-खोटं करायचं."

सगळ्या माना वळल्या. लहान मुलं खुर्च्यांवर गुडघे टेकून मागे बघायला लागली. गार्गी उभी राहिली. तिने सुशांतकडे पाहिलं. मुलगा प्रामाणिक होता आणि त्याचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. अशा माणसाला ती ऑफिसात चहा पाजायची.

"इमारतीला पुढे पायऱ्या आहेत," ती म्हणाली. हे बाबा कधी बोलले नव्हते. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "चालून चालून पाय दुखले म्हणून आम्ही तिथेच टेकलो. उन्हाने दगड तापला होता. मग आईने खाली रुमाल पसरला."

सुशांतने मोबाइल हळूच उलटा ठेवला.

गार्गी खाली बसली. तिने शेजारी आईकडे बघायचं टाळलं. वसुधाबाई जराशा वाकल्या आणि पुढच्या चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"रुमाल नव्हे गं. तुझी ओढणी घेतली होती मी."