लक्ष्मीकांतचं संध्याकाळचं फिरणं

डॉक्टरांनी लक्ष्मीकांतचं तेल-तिखट बंद केलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, स्नेहलतानं, जाहीर करून टाकलं, "तुमी नाही खाणार, तं मीबी नाही. संसार दोघायचा, तं पथ्यबी दोघायचं." त्या दिवशी खामगावातल्या त्यांच्या घरात दुधी शिरला आणि मुक्कामालाच राहिला.

पथ्यासोबत संध्याकाळचं फिरणंही आलं. सुरुवातीला लक्ष्मीकांत चेहरा पाडून जायचा. मग एकाएकी तो भांग पाडून, शिट्टी वाजवत निघू लागला. परतला की ताटातल्या दुधीला हात जोडायचा, "आज भूक नाही वं." शाळेत हेडक्लार्क असलेला, हसूसुद्धा अर्ज आल्याशिवाय मंजूर न करणारा हा माणूस आता उगाचच हसत होता. वजन मात्र वाढत होतं.

स्नेहलताला चैन पडेना. त्यात एके दिवशी त्याच्या कॉलरखाली लाल डाग दिसला. शर्ट घेऊन तिनं शेजारच्या पूनमचं घर गाठलं.

"लिपस्टिक हाय, वहिनी," पूनम डोळे मोठे करून म्हणाली.

"काहीबी नको बोलू. आजवर त्यायनं कोण्या बाईकडं मान वर करून पाह्यलं नाही."

"मंग दुधी खाऊन माणूस शिट्ट्या काऊन मारते?"

स्नेहलताचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी पूनमच्या स्कूटीवरून दोघी त्याच्या मागे निघाल्या. लक्ष्मीकांत मैदानाकडे वळलाच नाही. कापसाच्या जिनिंग मिलमागच्या गल्लीत शिरून तो एका टिनाच्या घराशी थांबला, केसांवरून हात फिरवला आणि आत गेला. आतून बांगड्या वाजल्या.

"उशीर केला साहेब! कवाची वाट पाहून राह्यली मी."

"काय करू रुखमाबाई, दिवसभर तुमचीच आठवण येऊन राह्यली."

स्नेहलतानं दार ढकललं. आत चुलीपुढे घरगुती खानावळ चालवणारी एक पांढऱ्या केसांची म्हातारी भाकरी थापत होती. लक्ष्मीकांत पाटावर मांडी घालून बसला होता. समोर वांग्याचं भरीत, हिरवागार ठेचा, आणि वाटीभर झणझणीत रस्सा. त्याचे दोन थेंब शर्टावर नुकतेच सांडले होते.

"कुठं हाय ती बाई?" स्नेहलता ओरडली.

"बाई कुठं?" घास हातात धरून तो गयावया करू लागला. "वांगं हाय वं! तुह्याशिवाय मी दुसऱ्या बाईचा विचारबी केला नाही. फक्त जेवलो."

"फक्त जेवले? बाई असती तं समजून घेतलं असतं! हा तं सरळसरळ दगा हाय. तुमच्यापायी मी तिखटाचं बोटबी जिभेले लावलं नाही!"

लक्ष्मीकांतची मान खाली गेली. "चुकलो मी," तो म्हणाला. "तू तिकडं उपाशी, अन् मी इथं..."

"भांडण मांगून करजा," म्हातारीनं स्नेहलतापुढे ताट सरकवलं. "आधी गरम गरम खाय माय."

रागारागात स्नेहलता बसली. भाकरीचा मोठा तुकडा मोडून तिनं ठेच्याचा गोळाच उचलला. इथं आल्याच्या पहिल्या दिवशी याच ठेच्यानं लक्ष्मीकांतच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. ती मात्र शांतपणे चावत होती. ना ठसका, ना पाणी.

"लय तिखट तं नाही झाला?" रुखमाबाईनं काळजीनं विचारलं.

"छे वं! पूनमच्या ठेच्यापुढं काहीच नाही."

लक्ष्मीकांतनं हळूच मान वर केली. स्नेहलताचा हात ताटातच थांबला.

दारात उभी असलेली पूनम म्हणाली, "स्कूटीले चाबी तशीच राह्यली वाटते," आणि दिसेनाशी झाली.