काटेरी झाडाची चौकट

चैत्र वद्य पंचमी. ऊन कडक, वारा पडलेला.

मुलांनो, त्या दिवशी एका जंगलात सगळे प्राणी आयर्लंडची चित्रे काढत होते. आयर्लंड कोणीच पाहिले नव्हते. उदमांजराने एक रंगीत पुस्तक पाहिले होते. तेवढ्यावर ते सगळ्यांचे गुरू झाले.

माकडांनी तिकडच्या गोष्टींतले हिरव्या टोपीचे बुटके मोची काढले. म्हशीने माणसाला पाठीवर घेऊन तळ्यात बुडवणारा भुताळी घोडा काढला. इथल्या नदीच्या डोहात माणसे बुडवणाऱ्या आसरा होत्याच. त्यांना कोणी विचारले नाही.

उदमांजराचे चित्र सगळ्यांत मोठे होते. त्यात माळावर एकच काटेरी झाड होते आणि त्याखाली केस विंचरत बसलेली एक पांढरी बाई.

"ही कोण?" हडळीने विचारले. ती जवळच्याच चिंचेवर राहायची. चित्रे बघायला खाली उतरली होती.

"बॅन्शी. घरातलं कोणी मरणार असलं की आधी रडते."

"मीही रडते की."

"मावशी, तुमची ती अंधश्रद्धा. हिची लोककथा."

हडळीला फरक कळला नाही, पण तिने मान डोलावली. "आणि हे झाड?"

"त्यात पऱ्या राहतात. तिकडे असल्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावत नाही. रस्ता आला तर रस्ता वळवतात."

"बरी माणसं आहेत," हडळ म्हणाली आणि समाधानाने चिंचेवर जाऊन बसली.

प्रदर्शनाला सिंहमहाराज येणार होते. एवढ्या मोठ्या चित्राला चौकटही दणकट हवी होती. उदमांजराने सुतारकाम करणाऱ्या साळिंदराला बोलावले आणि चिंचेकडे बोट दाखवले.

साळिंदर डोके खाजवत राहिले. "साहेब, त्यात मावशी राहते."

"भाऊ, आपण शिकलेले. असलं काही नसतं."

"मी इथे बसले आहे," वरून हडळ म्हणाली.

"पुरावा आहे?" उदमांजराने वर न बघता विचारले.

हडळीने पाय खाली सोडले. टाचा पुढे, बोटे मागे.

"पायांचे आजार असतात," उदमांजर म्हणाले. "वैद्याला दाखवा."

साळिंदराने पुन्हा विचारले, "मग साहेब, ते चित्रातलं झाड का तोडत नाहीत?"

"त्यामागे संस्कृती आहे."

हडळीचा आवाज फाटला. "अरे, माझं दुसरं घर नाही. हे झाड तोडणाऱ्याच्या दारात सुख राहणार नाही, सांगून ठेवते."

उदमांजर थबकले. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिले.

"छान वाक्य आहे," ते म्हणाले. "पुन्हा सांगा. चित्राखाली घालतो."

चिंच त्याच दिवशी पडली. चौकट झाली. उरलेल्या लाकडाचे पाहुण्यांसाठी पाट झाले. सिंहमहाराज त्यातल्या एका पाटावर बसले, चित्राखालचे वाक्य वाचून शहारले आणि काटेरी झाडाला त्यांनी लांबूनच हात जोडले. चित्राला पहिले बक्षीस मिळाले. उदमांजराच्या घरी सगळे ठणठणीत आहेत. हडळ सध्या नाल्यावरच्या मोरीत राहते.

तात्पर्य : मुलांनो, झाडे वाचवावीत. मात्र त्यांवर राहणारे भूत परदेशी आहे याची आधी खात्री करून घ्यावी.