चिकटू द्या की

हिर्डोशीत बापूंच्या घरचं ताक प्यालं, की अर्धा तास जागचं हलता येत नसे. ताकात काही दोष नव्हता. बापू हलू देत नसत.

त्यांचं घर एसटीच्या थांब्याला लागूनच. त्यामुळे भोरला निघालेला प्रत्येक माणूस त्यांच्या तावडीत सापडे. पेला हातात देताना बापूंचा चेहरा मोठा प्रेमळ असायचा. पेला रिकामा झाला की मात्र आवाजात जरब यायची. "बसा. आता हलायचं न्हाई. चिकटू द्या की."

चिकटणार होते ते जंतू. झालं असं, की मागच्या वर्षी बापूंचं पोट बिघडलं, कडक गोळ्यांनी ते आणखी बिघडलं, आणि भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की रोज ताक घ्या, त्यातले चांगले जंतू आतड्याच्या भिंतीला चिकटतात. डॉक्टर एवढंच बोलले. पुढचं शास्त्र बापूंचं स्वतःचं. सगळा जन्म म्हशींमागे गेलेला. भिंतीला चिकटणारी एकच वस्तू त्यांच्या परिचयाची होती, ती म्हणजे गोवरी. "ओली गोवरी थापली आन् भिंतच चालाया लागली, तर ऱ्हाईल का ती?" असं ते विचारायचे.

या शास्त्रापायी ग्रामसेवकांची भोरची मीटिंग बुडाली. मुलगी बघायला निघालेली सहा माणसं इस्त्रीच्या कपड्यांत ओळीनं बसून राहिली आणि त्यांच्यादेखत एसटी निघून गेली. एकदा तर बापूंनी ड्रायव्हरलाच ताक पाजलं. घाटाकडे निघालेली गाडी थांब्यावर, प्रवासी गाडीत आणि ड्रायव्हर बापूंच्या ओट्यावर मांडी घालून. वरंधा घाटाच्या वळणांनी सगळे जंतू सुटतील, हे त्याला पटलं होतं. कंडक्टर घंटी मारून मारून दमला आणि शेवटी तोही पेला घेऊन बसला.

त्या अर्ध्या तासात बापू बोलत. म्हशीच्या खोडी, पुण्याला असलेल्या मुलाची नोकरी, दोन वर्षांपूर्वी वारलेली त्यांची बायको, म्हणजे गावाच्या काकू, लोणी कसं काढायच्या ते. ऐकणाऱ्याला सुटका नव्हती.

मी मूळचा सारोळ्याचा, इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. चुकीचं शास्त्र कानावर पडलं की मला राहवत नाही. एके दिवशी ओट्यावर सात-आठ माणसं अडकलेली असताना मी बापूंना समजावलं. आतड्याला आतून बुळबुळीत थर असतो. काही जंतूंच्या अंगावर अगदी बारीक केसांसारखे धागे असतात, त्यांनी ते त्या थराला धरतात. माळावरून चालताना धोतराला कुसळं चिकटतात, तसं. माणूस बसला काय आणि चालला काय, त्यांना फरक पडत नाही.

बापूंनी धोतराकडे पाहिलं. कुसळं त्यांना गोवरीइतकीच ओळखीची होती.

"मंग एकदा चिकटलं की कायमचं ऱ्हात्यात?"

"नाही बापू. बहुतेक चार दिवस राहतात आणि जातात. म्हणून तर रोज ताक घ्यायचं."

"आमच्या पोरावानी म्हना की," बापू म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. "म्हंजी बसायची गरज न्हाई?"

"अजिबात नाही."

ओटा लगेच रिकामा झाला. दुसऱ्या दिवसापासून लोक उभ्यानं ताक पिऊ लागले. पेला ठेवायचा, तोंड पुसायचं, चालू पडायचं. एसटी वेळेवर सुटू लागली. ड्रायव्हरनं माझे आभार मानले. अख्ख्या गावाला मी शहाणं केलं, अशा तोऱ्यात मी आठवडाभर होतो.

मग एका रविवारी दुपारी मी तिथून जात असताना बापूंनी मला हाक मारली. आवाज घोगरा, ओढून काढल्यासारखा. घसा बसलाय का, म्हणून विचारलं.

"न्हाई ओ सर. सकाळधरनं वापरलाच न्हाई."

ते अगदी साधेपणानं बोलले. मागे सगळे पेले घासून पालथे घातलेले होते. मला माझ्या शहाणपणाची मनापासून लाज वाटली. लोकांना अडकवून ठेवायचा त्यांच्याकडे एकच उपाय होता, आणि तो मी सगळ्यांसमोर खोटा पाडला होता.

मी ताक मागितलं. प्यालो, पेला खाली ठेवला आणि मांडी घालून बसलो.

बापूंनी माझ्या मांडीकडे पाहिलं. "सर, तुमीच म्हनला व्हता, बसायची गरज न्हाई."

"ते जंतूंचं सांगितलं होतं, बापू. काकू लोणी कसं काढायच्या, ते राहिलंय."

बापूंनी धोतर झटकलं आणि माझ्या शेजारी बसले. घसा खाकरून त्यांनी पार म्हैस विकत घेतली तिथपासून सुरुवात केली. लोण्यापर्यंत यायला चांगला तास लागला. मधे एसटी आली. ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.