थडग्यावरचा बदाम

एकार्ट ब्रूनिंगनं कर खात्यातल्या नोकरीचा राजीनामा दिला, तेव्हा त्याच्या सासूनं, हानेलोरेबाईंनी, तीन दिवस सुतकाचे काळे कपडे घातले. जावई मेला असता तर एवढं दुःख झालं नसतं, कारण मेलेल्या अधिकाऱ्याच्या बायकोला निदान पेन्शन मिळते. जन्मभराची सरकारी नोकरी, जिच्यातून काढलं जायला माणसाला खून तरी करावा लागतो, ती या गृहस्थानं तेवीस वर्षांनी आपण होऊन सोडली. कशासाठी, तर रोपं विकण्यासाठी.

"माझ्या पोरीनं साहेबाशी लग्न केलं होतं, माळ्याशी नाही," असं त्या ब्रोकेनफेल्ड गावच्या बेकरीत येईल जाईल त्याला ऐकवत.

तरी घरामागची जागा आणि पडकं काचघर त्यांनीच दिलं. मुलीच्या तोंडाकडे बघून दिलं आणि मुदत घालून दिलं. नाताळपर्यंत रोपवाटिका पायावर उभी राहिली तर ठीक, नाहीतर काचघर पाडून तिथं गॅरेज. एकार्टचे परतीचे दोर कापलेले होते. सरकार एकदा सोडून गेलेल्याला पुन्हा दारात उभं करत नाही. सगळा संसार त्या काचघरावर आला होता.

आणि काचघर मेलेल्यांवर. ब्रोकेनफेल्डमधली जिवंत माणसं आपल्या बागांत दगड अंथरतात, गवत कापायला नको म्हणून. थडगं मात्र फुललेलं लागतं, कारण ते सगळं गाव बघतं. एक नोव्हेंबरला, सर्वसंतांच्या दिवशी, दुपारी पाद्रीबाबा थडग्या-थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. ठेवणीतला कोट घालून प्रत्येक कुटुंब आपल्या थडग्यापाशी उभं राहतं आणि शेजारच्याच्या थडग्याकडे बघतं. नव्या माळ्याची परीक्षा तीच.

ऑक्टोबरअखेर ब्रेमेनहून एका म्हाताऱ्या होल्टकाम्पबाईंचा फोन आला. स्वतःला यायला जमणार नव्हतं, पण आईवडिलांच्या थडग्यावर लाल सायक्लॅमेनच्या फुलांचा मोठा बदाम हवा होता आणि मधोमध गुलाबाचं झुडूप.

"खर्चाकडे बघू नका," बाई म्हणाल्या.

एकार्टच्या बायकोनं, आनेग्रेटनं, त्याला बजावलं, "जाशील तेव्हा कुणाला तरी विचार. अर्धं स्मशान होल्टकाम्पांचं आहे."

"स्मशानाचा नकाशा असताना विचारायचं कशाला?" एकार्ट म्हणाला. "विभाग चार, ओळ नऊ, थडगं सहा. आकडा खोटं बोलत नाही."

आकडा खोटं बोलला नाही. फक्त तो जुन्या फाटकापासून मोजलेला होता. जुनं फाटक नऊ वर्षांपूर्वी बंद झालं होतं. ही गोष्ट गावात शेंबड्या पोराला ठाऊक होती, म्हणून नकाशावर लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. एकार्ट नव्या फाटकानं शिरला, चौथा विभाग, नववी ओळ, सहावं थडगं मोजलं. दगडावर 'होल्टकाम्प परिवार' एवढीच अक्षरं होती. वर स्वच्छ पांढरी खडी पसरलेली होती. एकार्टनं ती खोऱ्यानं काढून पोत्यात भरली, चार तास खपला आणि असा बदाम काढला की तो स्वतःच दोन पावलं मागे सरून बघत राहिला. तेवीस वर्षांत कुठल्या फायलीकडे त्यानं असं बघितलं नव्हतं.

एक नोव्हेंबरला पाद्रीबाबा तिसऱ्या ओळीत होते, तोच किंकाळी ऐकू आली.

"माझी खडी! माझी खडी कुठं गेली?"

ट्रूडे होल्टकाम्प. नवऱ्याला, बर्नहार्टला, जाऊन दोन वर्षं झालेली. खुब्याच्या दुखण्यामुळे ती पंधरा दिवस इकडे फिरकली नव्हती, आणि आता काठी टेकत आली तर नवऱ्याच्या छातीवर लालभडक बदाम, बदामात गुलाब. गाव जमलं. पाद्रीबाबांनी घाईघाईनं पाणी शिंपडलं आणि ते पुढं सटकले.

"काय गं ट्रूडे, तू लावलंस?"

"मी? मी त्या माणसासाठी गुलाब लावीन?"

"मग कुणी लावलं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि तेच वाईट झालं. ट्रूडेची नजर सावकाश चर्चच्या गायकवृंदातल्या बायकांवरून फिरली. बर्नहार्ट तिथं तीस वर्षं खालच्या पट्टीत गात होता आणि दरवर्षी वृंदाबरोबर दोन दिवसांच्या सहलीला जात होता.

घरी कॉफी ओतण्याआधीच हानेलोरेबाई म्हणाल्या, "जावईबापू, ते झुडूप आपल्या काचघरातलं. मी बघितलंय."

एकार्टनं सगळं सांगितलं. "मी आत्ता जाऊन माफी मागतो."

"खबरदार! ज्याला थडगं सापडत नाही, त्याच्या हातात कोण आपला बाप देईल? तोंड उघडलंस तर आजच पाडते काचघर."

"अगं आई, पण त्या बाईच्या जिवाला..." आनेग्रेट म्हणाली.

"तिच्या जिवाला काही होत नाही. बर्नहार्टचं तोंड बघितलं होतंस ना? त्याच्यावर कोण भाळणार? चार दिवसांत लोक हसून सोडून देतील."

लोकांनी सोडलं नाही. एकार्टनं दुसऱ्याच दिवशी खऱ्या थडग्यावर तसाच बदाम काढला, पण तिकडे कोपऱ्यात कोण बघतंय? गावाला एकच बदाम पुरला. आठवड्याभरात गायकवृंदातल्या तीन बायकांशी ट्रूडेनं बोलणं टाकलं. त्या तिघींनी एकमेकींशी टाकलं. ऑर्गन वाजवणाऱ्याच्या बहिणीचं नाव निघालं, तसा ऑर्गन वाजवणारा रुसला. नाताळाआधीचा गाण्याचा कार्यक्रम रद्द झाला, कारण उंच आवाजाच्या बायका खालच्या आवाजाच्या बायकांशेजारी उभ्या राहीनात. एकार्ट रोज थडग्यांवर पॅन्सीची रोपं लावत होता आणि रोज लांबून ट्रूडेला बघत होता. ती आता रोज यायची. काही करायची नाही. काठीवर भार टाकून त्या बदामाकडे बघत उभी राहायची. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटायची आणि तो मान खाली घालून माती दाबायचा.

मग एके दिवशी ट्रूडेनं बेकरीत हानेलोरेबाईंना गाठलं.

"हानेलोरे, असे गुलाब या दिवसांत गावात कुठल्या काचघरात फुलतात गं? तूही गायकवृंदातलीच, होतीस ना सहलीला?"

हानेलोरेबाई पाव तिथंच टाकून घरी आल्या. "जा! जा आणि सांग तिला!" त्या ओरडल्या. "आत्ताच्या आत्ता! माझ्या अब्रूचे धिंडवडे निघालेत!"

"तुम्हीच म्हणाला होतात..."

"मी काय वाटेल ते म्हणते! तुला अक्कल नको?"

एकार्टला जावं लागलं नाही. तो कोट चढवत होता, तेवढ्यात काचघराचं दार काठीनं ढकलून ट्रूडेच आत आली.

"होल्टकाम्पबाई, तो बदाम मी लावला," एकार्ट घाईनं म्हणाला. धीर सुटायच्या आत त्याला सगळं बोलून टाकायचं होतं. "चुकून. नकाशावरचे आकडे जुन्या फाटकापासूनचे होते, मी नव्यापासून मोजले. दुसऱ्या होल्टकाम्पांचं काम होतं ते. तुमच्या नवऱ्याचं कुणाशी काही नव्हतं. चूक माझी आहे. तुमची खडी पोत्यात भरून ठेवलीय."

ट्रूडेनं सगळं ऐकून घेतलं. मग चक्क हसली.

"ब्रूनिंगसाहेब, तुम्ही माझी करपत्रकं सोळा वर्षं तपासलीत. एकदा मी सातच्या जागी एक लिहिला, तर तुमची तीन पत्रं आली. तुम्ही आकडा चुकाल?"

"पण खरंच चुकलो हो! इथं वेगळं आहे..."

"सासूला वाचवायला धडपडताय. चांगले जावई आहात. तिची तेवढी लायकी नाही." तिनं काठी टेबलाला टेकवून ठेवली. "बेचाळीस वर्षं राहिले मी त्या माणसाबरोबर. मला कधी एक कुंडी आणून दिली नाही त्यानं. वाटायचं, हा असाच आहे, लाकडाचा. नव्हता म्हणजे. दुसरीकडे होता की हिरवागार." एकार्टनं पुन्हा तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला. "पुरे. कागद काढा. त्या थडग्याची पंचवीस वर्षांची देखभाल तुमच्याकडे. हेदरची झुडपं लावा, नाहीतर काहीही लावा. त्यावर दुसऱ्या कुणाचा हात पडता कामा नये. माझ्या बहिणीची दोन थडगी आहेत, तीही घ्या. गप्प कसं बसावं हे कळणारे गावात तुम्हीच एक दिसता."

एकार्टनं आणखी दोनदा सांगून बघितलं. तिनं आणखी दोनदा सही कुठं करायची ते विचारलं. शेवटी त्यानं बोट ठेवून दाखवलं.

तो घरात आला तेव्हा हानेलोरेबाई दारातच उभ्या होत्या.

"सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

"मग?"

"पंचवीस वर्षांचं काम दिलं तिनं. वर बहिणीची दोन थडगी."

हानेलोरेबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. राजीनाम्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी जावयासाठी आपल्या हातानं केक कापला, तोही चांगला जाड. "बघ, मी मघापासून तेच सांगत होते. मोकळेपणानं बोललं की माणसाला पटतं. राहू दे ते काचघर नाताळनंतरही." स्वतःच्या बशीत त्यांनी एक पातळ तुकडा घेतला. "बिचारी ट्रूडे. रविवारी चर्चमध्ये मी तिच्याच शेजारी जाऊन बसते."

आनेग्रेटनं नवऱ्याकडे बघितलं. एकार्ट मान खाली घालून केक खात होता.