काकांच्या खाटेवर अकरा सलाईन

सहलीची तिकिटं घरात आली त्या संध्याकाळी बायकोने ब्रदरला एकच प्रश्न विचारला, "कुंड्यांचं काय?"

ब्रदर हा हॉस्पिटलातला नर्स. बावीस वर्षं वॉर्डात काढल्यावर त्याचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. गल्लीतले लोक, दुकानदार, खुद्द त्याचे सख्खे काकासुद्धा त्याला ब्रदरच म्हणत. बायको तेवढी 'अहो' म्हणायची, आणि याबद्दल तो मनातून तिचा ऋणी होता.

प्रश्न साधा नव्हता. परसात बायकोच्या दहा कुंड्या होत्या. मिरच्या, टोमॅटो, पुदिना, दोन गुलाब, असं करत करत शेवटच्या मोठ्या कुंडीत भोपळ्याचा वेल. वेलाला एकच भोपळा धरला होता, आणि बायको त्याच्याशी जितक्या मायेने बोलायची तितक्या मायेने ती ब्रदरशी बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मागे दोघं दोन दिवस बाहेर गेले तेव्हा पाण्याचं काम कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं होतं. त्या भल्या माणसाने नळापर्यंत जायचा कंटाळा केला आणि दुकानातलं उरलेलं खळीचं पाणी वरून शिंपडलं. परत येऊन पाहतात तर पुदिना परीटघडीचा. तेव्हापासून बायकोचा शेजारधर्मावरचा विश्वास उडाला होता. शिवाय घर सात दिवस बंद आहे हे गल्लीत कुणाला कळू द्यायचं नाही, चोरांचे कान लांब असतात, असं तिचं म्हणणं होतं.

दुसरी अडचण रजेची. याआधी दोन वेळा ब्रदर रजेवर गेला होता आणि दोन्ही वेळा हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी फोन करून त्याला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं होतं. साध्या कारणाला त्या बधत नसत. म्हणून या खेपेला त्याने मन घट्ट केलं आणि अर्जात लिहिलं की घरी काका अत्यवस्थ आहेत.

काका निवृत्त पोस्टमन. वय अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी दोन तास चालायचे आणि आल्यावर समोर येईल ते खायचे. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांना आजारी पाडणं ब्रदरला बरं वाटेना, म्हणून त्याने आधी विचारून घेतलं.

"सांग की," काका म्हणाले. "माझं काय जातंय? फक्त मेलो म्हणून सांगू नकोस. पेन्शनचा घोळ होतो."

मेट्रनबाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि सही केली. ब्रदरला तेव्हा बरं वाटलं नव्हतं. पण रजा ती रजा.

कुंड्यांचा तोडगा त्याला वॉर्डातच सुचला. माणसाला थेंबाथेंबाने जगवता येतं, तर मिरचीला का नाही? मुदत उलटलेल्या सलाईनच्या नळ्यांचं एक खोकं नष्ट करायचं म्हणून कोपऱ्यात पडून होतं. ते त्याने उचललं, रिकाम्या लिटरच्या बाटल्या धुऊन घेतल्या आणि घरी हिशेब मांडला. मिनिटाला दोन थेंब, म्हणजे एक बाटली सात दिवस. दहा कुंड्यांना दहा आणि भोपळ्याला एक जादा, अशा अकरा बाटल्या.

त्या टांगायला घरात एकच जागा होती, ती म्हणजे पुढच्या खोलीतली काकांची लोखंडी खाट. तिला मच्छरदाणीची भक्कम चौकट होती. दोघांनी मिळून दहाही कुंड्या खाटेवर ओळीने मांडल्या. भोपळ्याची कुंडी जड, म्हणून ती बरोबर मध्ये आली. खिडकीतून दुपारचं ऊन थेट खाटेवर यायचं. त्यात झाडं होरपळतील म्हणून बायकोने वरून पांढरीशुभ्र चादर घातली आणि चारी बाजूंनी नीट खोचली. चोरांसाठी दिवा चालू ठेवला, रेडिओ बारीक आवाजात लावून ठेवला. दाराला कुलूप घातलं, फोन बंद केले, आणि काकांना घेऊन दोघं पहाटेच्या गाडीने समुद्रावर गेले.

सात दिवस फार चांगले गेले. काका उन्हात इतके हिंडले की तांब्याच्या हंड्यासारखे लाल झाले. बायको रोज संध्याकाळी एकदा भोपळ्याची आठवण काढायची. ब्रदरला मात्र पहिल्यांदाच कुणाची आठवण आली नाही.

आठव्या दिवशी दुपारी तिघं गल्लीत शिरली. काका पुढे होते, डोक्यावर गवती टोपी आणि खांद्यावर पिशवी. कोपऱ्यावर इस्त्रीवाला कुणाचा तरी शर्ट फिरवत होता. त्याने मान वर केली, काकांकडे पाहिलं, आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. शर्टातून धूर येऊ लागला तरी तो हलेना.

"तुम्ही चालताय?" तो शेवटी म्हणाला.

"मग काय सरपटू?" काका म्हणाले.

ब्रदरने पुढे होऊन इस्त्री उचलली. इस्त्रीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तो हलक्या आवाजात म्हणाला, "ब्रदर, तुमच्याकडे मॅडम आल्या होत्या. हॉस्पिटलच्या."

ब्रदर दुकानाच्या पायरीवर बसला. मग इस्त्रीवाल्याने जे सांगितलं ते ऐकताना त्याला दोन वेळा पाणी मागावं लागलं.

झालं होतं असं. तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाला कपडे द्यायला आला. आत दिवा, आत कुणाचं तरी बोलणं, आणि बाहेरून कुलूप. त्याला चमत्कारिक वाटलं, म्हणून त्याने पडद्याच्या फटीतून डोकावलं. खाटेवर कुणीतरी डोक्यावरून पांढरं ओढून निजलेलं. पोट हे एवढं फुगलेलं. आणि वर, एका माणसाला, अकरा सलाईन. इस्त्रीवाल्याच्या हातातले कपडे गळून पडले. तेवढ्यात मागून मेट्रनबाई आल्या, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन, काकांना बघायला.

त्यांनीही फटीला डोळा लावला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी काय काय पाहिलं नसेल, पण त्या मटकन ओट्यावर बसल्या. एकट्या म्हाताऱ्याला अकरा बाटल्या लावून, तोंडावर चादर ओढून, बाहेरून कुलूप घालून घरचे पसार. त्यांनी दार वाजवलं, काकांना हाका मारल्या. आतून क्षीण आवाज आला, पण तो उद्याच्या हवामानाबद्दल बोलत होता. मॅडम म्हणाल्या, वात झालाय, बरळतायत. त्यांनी ओट्यावरूनच हॉस्पिटलला फोन लावला, पेशंट अत्यवस्थ आहे, मी इथून हलू शकत नाही म्हणून कळवलं, आणि चावीवाला आणवून कुलूप तोडलं.

"मग?" ब्रदरने विचारलं.

"मग काय. मॅडमनी चादर उचलली. मी डोळे मिटून घेतले होते, ब्रदर. मला असलं बघवत नाही." इस्त्रीवाल्याने जळका शर्ट बाजूला ठेवला. "उघडले तर मॅडम नाडी बघायला हात शोधत होत्या, आणि त्यांच्या हातात पुदिना आला होता."

"काय म्हणाल्या?"

"आधी चादर परत नीट खोचली. मग मला म्हणाल्या, तुम्ही जा. मला वाटलं, काकांना दुसऱ्या दवाखान्यात हलवलंय. आणि त्यानंतर रोज येत होत्या. रोज दुपारी दोन तास. आत काय करायच्या ते देवाला ठाऊक. ही नव्या कुलपाची चावी, मॅडमनी तुम्हाला द्यायला सांगितलीय."

रोज येत होत्या, म्हणजे पुरावे गोळा करत होत्या, याबद्दल ब्रदरच्या मनात शंका उरली नाही. घरात शिरल्यावर ती आणखी पक्की झाली. कुंड्या टवटवीत होत्या. भोपळा तर बाळसं धरल्यासारखा दिसत होता. पण खाटेच्या पायथ्याशी हॉस्पिटलात लावतात तसा एक तक्ता टांगलेला होता, आणि त्यावर मेट्रनबाईंच्या टपोऱ्या अक्षरात तारीखवार नोंदी होत्या. मिरचीचे थेंब वाढवले. गुलाबाची नळी तुंबली होती, बदलली. भोपळा स्थिर.

बायकोने तक्ता दोनदा वाचला. "बाई चांगल्या दिसतात हो," ती म्हणाली. "नळी तुंबल्याचं तुमच्या लक्षात तरी आलं असतं का?"

ब्रदरला तिच्या बोलण्याचं नवल वाटण्याइतकंही त्राण नव्हतं. खोटा अर्ज, हॉस्पिटलच्या नळ्या, आणि वरून मेट्रनबाईंना दिलेला तो धक्का. बावीस वर्षांची नोकरी दहा कुंड्यांपायी गेली होती. त्याने टेबलाशी बसून माफीपत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. काका आरामखुर्चीत टोपी तोंडावर घेऊन घोरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेट्रनबाईंच्या खोलीत गेला आणि माफीपत्र टेबलावर ठेवलं. बाईंनी ते वाचलं नाही. उठून दार लावून घेतलं.

"काका कसे आहेत?"

"बरे आहेत," ब्रदर मान खाली घालून म्हणाला. "त्यांना काही झालंच नव्हतं."

"बरे नाहीत," बाई म्हणाल्या.

ब्रदरने मान वर केली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्या हळूहळू बोलल्या. त्या दिवशी चादर उचलल्यावर आपण इतक्या संतापलो होतो, की लगेच फोन करून सगळं सांगून टाकणार होतो. पण आधी परसातल्या खुर्चीवर जरा टेकलो. तिथे सावली होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुणी हाक मारली नाही, कुठली घंटा वाजली नाही. पेशंट अत्यवस्थ आहे असं कळवलेलंच होतं, त्यामुळे कुणी शोधतही नव्हतं. बघता बघता दोन तास झाले.

"मेट्रन झाल्यापासून नऊ वर्षांत मी अशी बसले नव्हते, ब्रदर," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कसा आहे. मी म्हटलं, खेचतोय."

ब्रदरने टेबलावरचं माफीपत्र हळूच मागे ओढलं.

"आणि काल त्यांनी ठरवलंय," बाईंचा आवाज आणखी खाली आला, "की इतके दिवस खेचणारा पेशंट स्वतः बघायचा. गुरुवारी दुपारी चार वाजता येतायत."

मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे मालक. त्यांच्यासमोर वॉर्डातली झुरळंसुद्धा शिस्तीत चालत. कुंड्या परसात गेल्या, खाट मोकळी झाली आणि काकांना समजावून समजावून तिच्यावर निजवलं. आजार कुठला सांगायचा यावरून एक दिवस वाद झाला. शेवटी काकांनीच तोडगा काढला, की आपण नुसतं कण्हायचं, नाव डॉक्टर ठेवतील.

गुरुवारी चारच्या ठोक्याला मोठे डॉक्टर आले. मेट्रनबाई मागे उभ्या राहिल्या, ब्रदर त्यांच्या मागे, बायको दाराआड. डॉक्टरांनी काकांची नाडी पाहिली. छाती तपासली. जीभ पाहिली. मग समुद्राच्या उन्हाने रापलेल्या त्या चेहऱ्याकडे आणि सोलवटलेल्या नाकाकडे ते बराच वेळ बघत राहिले. काका कण्हले, पण कण्हणं जरा ठणठणीतच आलं. मेट्रनबाई छताकडे पाहू लागल्या.

डॉक्टर उठले. हात धुवायला म्हणून परसात गेले.

हात धुवायला लागतो तेवढा वेळ गेला. मग त्याच्या दुप्पट गेला. पाऊण तास झाल्यावर ब्रदरने जीव मुठीत धरून दाराआडून पाहिलं. मोठे डॉक्टर झाडांजवळच्या खुर्चीवर बसले होते. बूट काढलेले होते. फोन बंद करून पायरीवर पालथा ठेवला होता, आणि डोळे मिटलेले होते.

साडेपाचला ते आत आले, बूट हातात घेऊन.

"केस गुंतागुंतीची आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "मेट्रन, तुमचं निदान बरोबर होतं. हे एकट्या तुमच्याने व्हायचं नाही. एक दिवस तुम्ही या, एक दिवस मी येईन. रविवारी दोघंही." मग ते काकांकडे वळले. "तुम्ही उठायची घाई करू नका."

ते गेले. मेट्रनबाईही गेल्या. ब्रदर खाटेच्या कडेवर बसला. नोकरी वाचली होती, पण आनंद व्हायला अजून अवकाश होता. काकांनी चादर बाजूला सारली आणि ते उठून बसले.

"ब्रदर," ते म्हणाले, "मी पस्तीस वर्षं टपाल वाटलं. एवढं जबाबदारीचं काम मला कधी कुणी दिलं नव्हतं." आणि बायकोला हाक मारून म्हणाले, "सूनबाई, परसात आणखी एक खुर्ची लागेल."