बेसावध पुणेकर

पुणेकराला बेसावध पकडणं हे वाघाचा फोटो काढण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि ते मीच करू शकतो, असं मी गेल्या फेब्रुवारीत घरात जाहीर केलं. वाघ निदान "काय काम आहे?" असं विचारत नाही!

निमित्त होतं आमच्या हौशी छायाचित्रकार मंडळाच्या प्रदर्शनाचं. विषय, 'बेसावध पुणेकर'. बागेत, तळ्याकाठी, नदीकाठी रमलेली माणसं त्यांना पत्ता लागू न देता टिपायची. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी कॅमेरा घेतला होता आणि त्याला दुधी भोपळ्याएवढी लेन्स लावली होती. आता मला कोण अडवणार?

"माझा फोटो त्या प्रदर्शनात लागला नाही, तर कॅमेरा माझ्या हाताने माळ्यावर टाकीन!" मी म्हणालो.

"थांबा, जागा करते," आमची सौ., सुनीती, शांतपणे म्हणाली. "वर पेटी आहे, बासरी आहे. बासरी योगासनांच्या चटईत गुंडाळली, की कॅमेरा बसेल."

सदाशिव पेठेत जन्मलेल्या बाईशी संसार करणाऱ्याने घोषणा जपून कराव्यात.

त्यानंतर ती आणखीही काहीतरी बोलली. तिच्या भावाची मुलगी सुरुची, तिला आलेलं कुठलंसं स्थळ, "ती मंडळी रोज संध्याकाळी सारसबागेत असतात", "तुम्ही जाताच आहात तर", असं काहीतरी. मी लेन्स पुसत होतो. लेन्स पुसताना ऐकू येत नाही, कुठल्याही छायाचित्रकाराला विचारा! मी "हो, हो, बघतो" म्हणालो आणि निघालो.

पहिल्याच संध्याकाळी घबाड सापडलं. बागेबाहेर भेळेच्या गाड्यापाशी एक पंचविशी-तिशीतला मुलगा भेळ खात होता. खात कसला, भेळेशी झुंजत होता! नाकाच्या शेंड्यावर चिंचेची चटणी, डोळे मिटलेले, आणि जीभ थेट कागदावर. मी क्लिक केलं, पण पडद्यावर बघितलं आणि तोंड वाकडं केलं. छे! चटणी, कागद, जीभ... यात सौंदर्य कुठे आहे? कलेत काही स्वच्छता हवी की नाही!

तेवढ्यात त्या मुलाशेजारचे टोपीवाले गृहस्थ माझ्याकडे आले.

"नमस्कार. मी बाळ आगाशे. हा आमचा सलिल. आपण फोटो काढलात का आत्ता?"

"काढला. माणूस बेसावध असतो ना, तेव्हाच तो खरा कळतो," मी लेन्सवरून हात फिरवत म्हणालो.

आगाशे एकदम पांढरे पडले. "म्हणजे आपणच का ते? एक गृहस्थ येऊन बघून जातील, असं कळवलं होतं त्यांनी."

माझी कीर्ती सारसबागेपर्यंत पोचली होती! मंडळाने आधीच कळवून ठेवलं असणार. "मीच तो," मी नम्रपणे म्हणालो.

"अहो, मग ते भेळेचं तेवढं राहू द्या ना! एरवी तो फार नीटनेटका आहे हो."

"पुसूनच टाकतो!" मी म्हणालो आणि त्यांच्यादेखत बटण दाबलं. आगाशेंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. एका साध्या फोटोसाठी इतके आभार? पुण्यात कलेची कदर उरलेली नाही म्हणणाऱ्यांना मी मनातल्या मनात खोटं पाडलं.

दुसऱ्या दिवशीपासून मात्र माझ्या नशिबाचं दारच उघडलं. मी बागेत शिरलो, की समोर सलिल! कधी आजीला हाताला धरून तळ्याभोवती फिरवतोय. कधी दुसऱ्यांनी टाकलेले कागद वेचतोय. कधी हरवलेल्या पोराला आईकडे नेतोय (पोर म्हणत होतं, "मी हरवलो नाहीये, मी झोपाळ्याच्या रांगेत उभा होतो"). आणि हे सगळं उजेडाकडे तोंड करून, मध्येच थांबून, मान किंचित वळवून! एवढा देवमाणूस आणि एवढा चेहऱ्यावर उजेड घेणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी खटाखट फोटो काढत सुटलो.

त्याच्या आजीचा, दुर्गाबाईंचा स्वभाव तेवढा जरा तिरसट वाटला.

"अरे, किती वेळा फिरवशील मला त्या तळ्याभोवती? गुडघे बोलायला लागले माझे!" त्या खेकसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही हो? अजून झालं नाही का बघून? आमच्या वेळी कांद्यापोह्यात भागायचं!"

कांद्यापोह्यांचा इथे काय संबंध? वय झालं की माणसं असंबद्ध बोलतात, असं मी समजून घेतलं. वीसेक उत्तम फोटो निवडले आणि मंडळाकडे पाठवून दिले. माळा आता आमच्यापासून दूर गेला!

रविवारी सकाळी सुनीतीने स्वतःहून मला दुसरा चहा दिला. मी सावध झालो.

"आगाशेंचा फोन होता," ती म्हणाली. "म्हणाले, तुमच्या यजमानांसारखी चौकशी पुण्यात कुणी केली नसेल. रोज कॅमेरा घेऊन हजर! अहो, सुरुचीच्या स्थळाची चौकशी करा म्हटलं, तर इतकं मनावर घ्याल असं मला वाटलं नव्हतं हो!"

मी कप खाली ठेवला. स्थळ. चौकशी. सारसबाग. कांदेपोहे! मुलीकडच्यांनी मुलाची चौकशी करायला माणूस पाठवायचा, ही आपल्याकडची जुनीच रीत. तो माणूस मी होतो. बागेतल्या झाडांनासुद्धा ते कळलं होतं, फक्त मला सोडून. संसारात पहिल्यांदाच मी वेळेवर गप्प बसलो.

पण दुपारी सुरुचीच आली, फोटो बघायला. मी कॅमेरा टीव्हीला जोडला. आजी. कागद. हरवलेलं पोर. तहानलेलं कुत्रं. पुन्हा आजी. सुरुचीचा चेहरा उतरत गेला.

"काका, हा माणूस आहे की नागरिकशास्त्राचं पुस्तक?"

"फार गुणी मुलगा आहे गं," सुनीती म्हणाली.

"म्हणूनच नको! आत्या, मी सुट्टीच्या दिवशी दात न घासता चहा पिते. ओला टॉवेल पलंगावर टाकते. याच्या घरात मी रोज सुविचारासारखी फळ्यावर लिहिली जाईन! तू बाबांना नाही म्हणून कळव."

सुनीतीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मला माळ्यावर, पेटी आणि बासरीच्या मध्ये ठेवून दिलं. सुरुचीने आजवर सगळी स्थळं फोटोवरच उडवली होती. याला ती भेटायला तरी तयार झाली होती, आणि माझ्या कलेने ते स्थळ घालवलं होतं.

"अगं, ते सगळं त्याने मला बघून केलंय!" मी ओरडलो. "नाटक आहे सगळं! तो तसा नाहीये!"

"म्हणजे ढोंगी आहे?" सुरुची उठलीच.

बोलून अजून घाण केली! घाबरून मी रिमोट समजून कॅमेऱ्याचीच बटणं दाबत सुटलो. फोटो भराभर मागे सरकले आणि टीव्हीभर भेळ पसरली!

पुसलेला फोटो! तो पुसला गेलाच नव्हता. मी दाबलं होतं ते पुसायचं बटण नव्हतंच. फोटो चुकूनसुद्धा पुसला जाऊ नये म्हणून कुलूप घालायचं बटण होतं ते. नाकावर चटणी, डोळे मिटलेले, जीभ कागदावर. आणि मी बघितलंच नव्हतं, पण मागून दुर्गाबाईंचा हात त्याच्या भेळेतली कैरीची फोड चोरत होता.

सुरुची टीव्हीच्या जवळ गेली आणि हसायला लागली. पदराआडचं हसू नव्हे, चांगलं खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काका, हा कोण?"

"हाच तो. मला बघण्याआधीचा."

"मग याला भेटते मी," ती म्हणाली. "आणि ही आजी पण चालेल."

मला इतकं बरं वाटलं, की मी सुनीतीकडे तिसरा चहा मागितला. मिळाला नाही.

चार दिवसांनी मंडळाचा निरोप आला. 'छायाचित्रे स्वच्छ आहेत. विषय बेसावध पुणेकर असा होता. आपण सत्कारमूर्ती पुणेकर पाठवलेत. कळावे.' भेळेचा फोटो मी पाठवलाच नव्हता, आणि आता मुदत संपली होती. सुनीतीने शिडी आणून माळ्याखाली उभी केली.

साखरपुड्याला मात्र सुरुचीने हट्टच धरला. "काकांनी कॅमेरा आणायचाच!" मी तो पुन्हा खाली काढला. सुनीतीने नवी पैठणी नेसली होती. केसही आदल्या दिवशी काळेभोर करून आणले होते. "आज दहा वर्षांनी लहान दिसतेयस," असं मी म्हटलं, तेव्हा ती चक्क लाजली होती.

कार्यालयात सलिल बटाटेवडा खात मजेत उभा होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्याची आणि माझी नजरानजर झाली. बिचाऱ्याला सवयच लागली होती! त्याने वडा झटकन खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळ्यांत जवळ जी बाई दिसली तिचा हात धरला.

"या आजी, सावकाश. इथे बसा," तो म्हणाला.

ती बाई सुनीती होती.

बेसावध चेहरा म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं. बटण आपोआप दाबलं गेलं. तो फोटो माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम फोटो आहे, पण तो कुठल्याही प्रदर्शनात लागणार नाही. कॅमेरा माळ्यावर आहे, आणि शिडी सुनीतीने शेजाऱ्यांना देऊन टाकली आहे.