नानांसाठी कोणी उठू नये

नाना सावंतांना बसमध्ये जागा देण्याची चूक माणूस आयुष्यात एकदाच करतो. मी ती केली आहे. कांजूरमार्गहून घाटकोपरला चाललो होतो. मी खिडकीशी बसलेलो आणि सत्तरी ओलांडलेले नाना हातात भाजीची पिशवी घेऊन माझ्याजवळ उभे. मी शहाण्यासारखा उठलो आणि म्हणालो, "बसा नाना." नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा खिसा कापताना सापडलोय.

"बसलंस मां? मगे बस!"

"अहो, तुम्ही मोठे, म्हणून..."

"मी मोठो म्हणान तू जागा सोडतलंस? आणि पुढच्या स्टॉपवर माझ्यापेक्षा मोठो कोण इलो, तर मी उठतलंय? अशानं बसमध्ये बसात कोण?"

आमचा हा संवाद चालू असताना एका गृहस्थांनी शांतपणे माझी सीट घेतली. घाटकोपरपर्यंत आम्ही दोघंही उभे. वाटेत नानांनी मला समजावून सांगितलं की मिळालेली जागा सोडणं हा औदार्याचा नाही, बेजबाबदारपणाचा प्रकार आहे.

लग्नाच्या हॉलमध्ये हीच गत. दवाखान्यात तर नानांच्या अंगात ताप असताना एक कॉलेजची मुलगी त्यांच्यासाठी उठली, तेव्हा नाना भिंतीला टेकून उभे राहिले आणि ती बिचारी रिकाम्या खुर्चीशेजारी उभी राहिली. शेवटी डॉक्टरांनीच बाहेर येऊन दोघांना ओरडून बसवलं.

नाना मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते, नाना पालिकेत कारकून झाले. रागावले की मालवणी बोलतात, शांत असले की आपल्यासारखं. नोकरीत असताना प्रत्येक निवडणुकीला त्यांना ड्युटी लागायची आणि दर वेळी ते शाईचं टेबल मागून घ्यायचे. बाकीच्यांना ते काम हलकं वाटे. नाना म्हणत, "अरे, आमदार असो की भांडीवाली बाई, माझ्यासमोर बोट पुढं करायचीच. शाई वाळेपर्यंत मी बोट सोडत नसे. शाई लावून लगेच पळायला ते काय रेशनचं दुकान आहे?"

आमच्या सोसायटीत ते बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. मधली भिंत पाडून एक केलेले दोन छोटे ब्लॉक, एक त्यांच्या नावावर, एक सुमतीवहिनींच्या. बी विंगच्या जागेवरून निवडून येणारा माणूस सेक्रेटरी होतो असा आमच्याकडे रिवाज आहे, म्हणून गेली वीस वर्षं नाना सेक्रेटरी. रोज दहा ते अकरा त्यांचा दरवाजा उघडा. आत समोरासमोर दोन खुर्च्या. गळतीवाले, पार्किंगवाले, वरच्या मजल्यावरून कपड्यांचं पाणी पडतं म्हणणारे, सगळे तिथं येऊन बसायचे आणि वहिनी आतून चहा आणायच्या. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. मुलगा कॅनडात. चहा आता नाना स्वतः करतात आणि तो चहा प्यायला लागू नये म्हणून लोक तक्रारी आटोपत्या घेतात.

तर अशा माणसाच्या मतदारसंघात एक दिवस बातमी आली की आमचे खासदार राजीनामा देणार. का, तर त्यांच्या पक्षाचे एक मोठे साहेब दुसरीकडे निवडणुकीत पडले होते, त्यांना दिल्लीत जायचं होतं आणि आमचा मतदारसंघ पक्षाला सुरक्षित वाटत होता. आमच्या खासदारांनी उठायचं, पोटनिवडणूक लागायची, साहेबांनी बसायचं.

नाना तीन दिवस फक्त मालवणीत बोलले.

"पयली शाई नखावरसून उतराक नाय, आणि हे दुसरी लावूक इले! लोकांनी ह्याका बसवल्यानी. ह्याचो राजीनामो ह्याच्या बापाचो काय?"

गेटवरच्या चहावाल्यापाशी जिग्नेशभाई भेटत. हे ए विंगचे, नानांचे वीस वर्षांचे विरोधक आणि तितक्याच वर्षांचे मित्र. त्यांचा मुद्दा अगदी बिनतोड होता. "नाना, कायद्यात बसतं ना? साहेब निवडून आले तर मंत्री होणार. आपल्या इथं कामं होणार. हा आपला खासदार संसदेत तोंड उघडत नाय, त्याने जागा दिली तर बिघडलं काय, यार?"

"तोंड उघडत नाही हे खरं," नाना म्हणाले. "पण त्या बंद तोंडाला मत दिलंय लोकांनी. नको असेल तर लोक पाडतील."

"आणि साहेब लायक असले तर?"

"मग त्यांनी थांबावं आणि पुढच्या वेळी लाइनीत यावं. लायक माणसाला लाइन नसते हे तुला कोणी सांगितलं?"

मला विचाराल तर दोघांचंही मला पटत होतं, आणि हे मी बोलूनही दाखवलं. दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

मग नानांनी खासदारांना पत्र लिहिलं आणि ते पोस्टानं न पाठवता स्वतः द्यायचं ठरवलं. साक्षीदार म्हणून मला नेलं. खासदार भले माणूस. पांढऱ्या केसांचे नाना आत आलेले दिसताच ते खुर्चीतून उठले, हात जोडून म्हणाले, "या काका, बसा."

"तुम्ही उठू नका!" नाना एवढ्या जोरात ओरडले की बाहेरचा पोलीस आत आला.

खासदार घाबरून बसले. नानांनी उभ्यानंच पत्र वाचून दाखवलं. ते संपल्यावर खासदार हळूच म्हणाले, "काका, साहेब माझे गुरू आहेत. त्यांनी मला घडवलं. त्यांनी मागितल्यावर नाही कसं म्हणू?"

"गुरुदक्षिणा द्यावी," नाना म्हणाले. "पण स्वतःच्या खिशातली. ही खुर्ची आमची आहे."

खासदार हसले, विचार करतो म्हणाले, चहा मागवला. नानांनी तो घेतला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "नाही उठणार तो. डोळ्यांत दिसलं मला त्याच्या." मला तसं काही दिसलं नव्हतं, पण नानांचा आत्मविश्वास असा असतो की आपण आपलाच चष्मा पुसतो.

त्याच महिन्यात आमच्या सोसायटीची निवडणूक आली. बिनविरोध निवडून येणं हा नानांच्या मते मतदारांचा अपमान. त्यामुळे दर पाच वर्षांनी ते स्वतःच कुणाला तरी धरून आपल्याविरुद्ध उभं करत. त्याचा फॉर्म स्वतः भरत, सूचक म्हणून सहीसुद्धा स्वतःच करत. यंदा त्यांनी मला धरलं. म्हणाले, "दिलीप, तू पडशील, पण नीट पड. चार माणसांना भेट." मी कोणालाही भेटलो नाही. मतदानाच्या दिवशी नानांच्या नावावर शिक्का मारला आणि घरी जाऊन झोपलो.

विंगेत ब्लॉक अठ्ठावीस, मतं पडली सत्तावीस. नानांना तेरा. मला चौदा.

बी विंगमध्ये त्या संध्याकाळी कुणी वारल्यासारखी शांतता होती. दुसऱ्या दिवसापासून लोक एकेक करून माझ्याकडे यायला लागले, तोंड पाडून. "दिलीप, नाना तर येणारच ना, तुला शून्य पडायला नको म्हणून दिलं रे." "बिचारा एकटा पडेल, असं ही म्हणाली, म्हणून." असे मोजून तेरा जण माझ्यावर दया करून गेले होते. प्रत्येकाला वाटलं होतं की दया करणारा आपण एकटाच. एवढ्या चांगल्या मनाची माणसं एका जिन्यावर राहू नयेत. चौदावा कोण ते मात्र पुढं आलं नाही.

नानांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि आठवड्यात सगळं दप्तर देतो म्हणाले. आवाजात काही फरक नव्हता. पण दहा वाजता दरवाजा उघडा असायचा आणि जिन्यावरून जाणारे लोक ओशाळून मान खाली घालून पुढं जायचे. कोणी आत जाईना. तक्रारी आता माझ्याकडे येत होत्या. इस्त्रीचा शर्ट घालून नाना समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलेले मी जाता-येता पाहत होतो. मला ते पाहवत नव्हतं.

गेटवर जिग्नेशभाईंनीच तोडगा काढला. नाना समोर होते. "सिंपल आहे. हा राजीनामा देतो, जागा खाली होते, आपण नानांना घेतो. सगळ्यांना पाहिजे तेच आहे ना? बोला नाना. खासदाराचंच झालं की हे!"

सगळे नानांकडे बघायला लागले. नानांनी पहिल्यांदाच वाद न घालता कप ठेवला आणि वर गेले. मी मनात म्हटलं, हा होकारच आहे. माणूस एकटा असतो, तत्त्व काय चहा करून देत नाही.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर आमच्या खासदारांनी साहेबांच्या पायाशी वाकून राजीनामा दिला.

माझा राजीनामाही रात्रीच लिहून झाला होता. दहाला मी नानांकडे गेलो. टीव्ही बंद होता. टेबलावर दोन कप होते, एक त्यांचा, एक भरलेला आणि त्यावर बशी झाकलेली. मी खुर्चीवर बसलो, कागद पुढं केला आणि म्हणालो, "नाना, आता वाद नको. सगळ्या विंगेला तुम्ही हवे आहात. मलाही. माझ्यापेक्षा तुम्हाला ही जागा लागते."

त्यांनी तो कागद दोनदा वाचला. "कोणाला विचारून लिहिलंस?"

"मतदारांना. तेरा जण स्वतः येऊन सांगून गेलेत, चुकून दिलं म्हणून."

"आणि चौदावा?"

"तो काही सापडला नाही."

"मी," नाना म्हणाले.

मी खुर्ची पुढं ओढली.

"स्वतःच्या नावावर शिक्का मारायला माझा हात कधी झाला नाही रे. वीस वर्षांत एकदाही नाही. आपल्या गळ्यात आपणच हार घालायचा, बरं दिसतं का ते? दर वेळी मी समोरच्याला मत दिलंय. आणि दर वेळी सुमती मला द्यायची. घरातल्या घरात फिट्टंफाट व्हायची." ते थांबले. "यंदा तिचं नव्हतं."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की अठ्ठाविसावं मत कोणाचं होतं.

त्यांनी माझा राजीनामा नीट घडी घालून माझ्या खिशात ठेवला. "तो तिकडे उठला. माझं तिथलं मत फुकट गेलं. दुसरंही तू फुकट घालवू नको. तुला मी बसवलंय. बसलंस मां?"

"बसलोय," मी म्हणालो. 

मग नानांनी दप्तर काढलं. किल्ल्या, नकाशे, पाण्याच्या टाकीची कागदपत्रं, सगळं लेबल लावून. शेवटी सभासदांचं जाडं रजिस्टर. ते त्यांनी लगेच माझ्या हातात दिलं नाही.

"ह्यात एक चूक आहे," ते खाली बघत म्हणाले. "सभासद गेला की महिन्याभरात नाव कमी करून वारसाचं लावायचं. सगळ्यांकडून मी करून घेतलं. पवारांकडे तर बाराव्याला फॉर्म घेऊन गेलो होतो, अजून बोलत नाहीत ते. आपलं मात्र झालं नाही. दोनदा पेन घेऊन बसलो. तिच्या नावावर रेघ मारायची म्हणजे... मी तिला कोणाला विचारून उठवू?"

पान उघडं होतं. ब्लॉक नंबर आठ, सौ. सुमती सावंत. शेजारी पेन्सिलीनं एक बारीक खूण, खोडून टाकलेली.

"आता सेक्रेटरी तू. नियमानं तुला करावं लागेल," नाना म्हणाले आणि पेन माझ्यापुढं ठेवलं.

मी पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर मिटलं.

"वहिनी बसल्यात मां?" मी म्हटलं. "मगे बसू देत."

नानांनी पेन उचलून खिशाला लावलं. मग म्हणाले, "नियमात बसत नाही हे."

"माहितीय. तक्रार करा सेक्रेटरीकडे."

"करतलंय," नाना म्हणाले. "उद्या धा वाजता येतंय तुझ्याकडे." आणि त्यांनी माझ्या कपावरची बशी काढली. चहा गार झाला होता, आणि नेहमीसारखाच वाईट होता. मी तो सगळा प्यायलो.